तुम्ही विचारलंत म्हणून: नॅस तयार घ्यावा की जुळवावा?

घरातल्या सगळ्यांचे फोटो, व्हिडिओ आणि कागदपत्रे एका जागी ठेवणारा, घरच्या नेटवर्कला जोडलेला साठवणुकीचा सर्व्हर, ज्याला सगळे नॅस म्हणतात, तो सिनॉलॉजी किंवा क्यूनॅपसारख्या कंपनीचा तयार घ्यावा की लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून स्वतः जुळवावा, हे मला ठाण्यात सोसायटीच्या सभेनंतर आणि कधी कधी लग्नाच्या पंगतीतही विचारले जाते. गूगल फोटोजने १ जून २०२१ पासून अमर्याद फुकट साठवण बंद केल्यावर तर हा प्रश्न फारच वाढला. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा पैशांचा हिशेब असतो. मी मात्र उलट विचारतो, की ज्या दिवशी डिस्क बिघडेल आणि तुम्ही गावाला गेलेले असाल, त्या दिवशी घरात ती कोण बदलणार?

पैशांचे आधी उरकून टाकतो. दोनचार मोठ्या डिस्क घ्यायच्या म्हटल्या की खर्चाचा मोठा वाटा त्यांचाच असतो, आणि त्या दोन्ही मार्गांनी तेवढ्याच लागतात. माळ्यावरचा जुना डेस्कटॉप वापरला तर डबा फुकटात पडतो हे खरे, पण तो तयार नॅसपेक्षा पन्नास वॅट जरी जास्त खात असेल, तरी दिवसरात्र चालू राहिल्यावर वर्षाला ४३८ युनिट होतात, आणि युनिटमागे दहा रुपये धरले तर ४,३८० रुपये महावितरणला जातात. इंटेलच्या एन१००सारखा कमी वीज खाणारा प्रोसेसर घेतला तर हा फरक बराच मिटतो. मग फुकटचा डबा मात्र उरत नाही.

आता डिस्क बिघडण्याचा दिवस. तयार नॅसमध्ये समोरचा दिवा रंग बदलतो, डबा बीप बीप करतो, मोबाइलवर निरोप येतो आणि कोणता कप्पा बिघडला ते चित्रासकट दिसते. आतल्या डिस्क आरशासारख्या एकमेकींची प्रत ठेवत असतील, किंवा एक डिस्क गेली तरी चालेल अशा रेड पद्धतीने लावलेल्या असतील, तर घरातले कोणीही फोनवर विचारून तो कप्पा ओढून काढू शकते आणि नवी डिस्क सरकवू शकते. जुळवलेल्या यंत्रात कॅबिनेटचे पत्रे उघडल्यावर चार सारख्याच दिसणाऱ्या डिस्क समोर येतात, स्क्रीनवर त्यांपैकी एकीचा फक्त सिरियल नंबर असतो, आणि तो नंबर ज्या लेबलवर छापलेला असतो ते नेमके आतल्या बाजूला गेलेले असते. अशा वेळी चुकून चांगली डिस्क उपसली, तर एका बिघाडाचे दोन होतात आणि सगळा साठाच बंद पडू शकतो. म्हणून जुळवणाऱ्यांना माझा आग्रह असतो, की कॅबिनेटचे पत्रे लावण्याआधीच प्रत्येक डिस्कच्या दर्शनी कडेला सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे लिहिलेली कागदी पट्टी चिकटवा. एवढा कंटाळा येत असेल, तर तयार डबाच घ्यावा.

मग स्वतः जुळवण्यात काय आहे? माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे झेडएफएस. सन मायक्रोसिस्टम्समध्ये घडलेली ही फाइल व्यवस्था, म्हणजे डिस्कवर फाइल कशा ठेवायच्या ते सांभाळणारी प्रणाली, प्रत्येक तुकड्यासोबत त्याची पडताळणी-बेरीज (चेकसम) ठेवते, ठरावीक काळाने सगळा साठा वाचून तपासते, आणि एखादा तुकडा गुपचूप बिघडलेला आढळला तर दुसऱ्या प्रतीवरून दुरुस्त करते. ट्रूनॅस ही तिच्यावर चालणारी प्रणाली फुकट मिळते, आणि मदरबोर्ड जळाला तरी त्याच डिस्क दुसऱ्या यंत्राला लावून साठा उघडता येतो. काही तयार डब्यांतही अशी पडताळणी असते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. तिथे तुम्ही कंपनीच्या धोरणाला बांधलेले असता, एवढाच मुद्दा. सिनॉलॉजीने २०२५ च्या प्लस मालिकेत इतर कंपन्यांच्या डिस्कवर बंधने आणली आणि ओरड झाल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती सैल केली. वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह डब्यांना २०१५ नंतर सुधारणा मिळणे थांबले होते, आणि जून २०२१ मध्ये इंटरनेटला जोडलेले असे अनेक डबे कोणीतरी दुरूनच पुसून टाकले.

नॅस कोणताही असो, राउटरवर पोर्ट उघडून तो थेट इंटरनेटवर ठेवू नये. २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर व्हायरसने उघड्यावरच्या क्यूनॅप डब्यांतल्या फाइल कुलूपबंद केल्या होत्या. आपल्याकडच्या अनेक ब्रॉडबँड जोडण्यांवर इंटरनेटवरचा स्वतंत्र सार्वजनिक पत्ता (आयपी) मिळतच नाही, त्यामुळे बाहेरून पोहोचण्यासाठी टेलस्केलसारखी, घरच्या नेटवर्कपर्यंत खासगी वाट काढून देणारी सोय तशीही लागते आणि ती जास्त सुरक्षितही असते.

ठाण्यातल्या पावसाळ्यात लाइट जाणे आणि लगेच येणे हे ओघाने आलेच. घरचा इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर तो चालू होईपर्यंत संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि लिहिता लिहिता बंद पडलेल्या साठ्याचे काय होईल याचा भरवसा नसतो. यूएसबी तार असलेला छोटा यूपीएस घ्या, म्हणजे बॅटरी संपत आली की नॅस स्वतःहून व्यवस्थित बंद होतो. तयार डब्यात हे एका पानावरच्या सेटिंगचे काम आहे, जुळवलेल्यात थोडे वाचावे लागते.

डिस्क घेताना ती सीएमआर प्रकारची, म्हणजे माहितीचे पट्टे एकमेकांवर न चढवता लिहिणारी आहे ना, हे दुकानदाराच्या तोंडावर न सोडता कंपनीच्या तक्त्यात पाहा. वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ (लाल) नावाच्या मालिकेतल्या काही डिस्क न सांगता एसएमआर प्रकारच्या, म्हणजे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवणाऱ्या, निघाल्याचे २०२० मध्ये उघड झाले, आणि बिघडलेल्या डिस्कच्या जागी नवी भरताना हा प्रकार फार रखडतो.

तेव्हा फक्त फोटो आणि कागदपत्रे जपायची असतील, तर दोन डिस्कचा तयार डबा घ्या; माझ्या शेजाऱ्यांना मी हेच सांगितले. लग्नांचे चित्रीकरण करणाऱ्या नौपाड्यातल्या एका ओळखीच्यांना मात्र मी जुळवायला सांगितले, कारण त्यांचा साठा दर हंगामात वाढतो, सहाआठ डिस्कचे तयार डबे फार महाग पडतात आणि त्यांच्याकडचा मुलगा या कामात रमतो. दोघांनाही एकच अट घातली: रेड म्हणजे बॅकअप नव्हे, चुकून पुसलेली फाइल ती दोन्ही डिस्कवरून एकदमच पुसते, म्हणून एक प्रत घराबाहेर हवी. फोटोवाल्या शेजाऱ्यांची ती नेरूळला बहिणीच्या कपाटात, एका बाहेरच्या डिस्कवर असते. आणि खरा डेटा भरण्याआधी, थोड्या निरुपयोगी फाइल टाकून, एक डिस्क मुद्दाम काढून पुन्हा बसवून पाहा. ते काम घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातून करवून घ्या, आणि तुम्ही त्या वेळी शेजारच्या खोलीत बसा.