शून्य रुपयांचं तिकीट

लाइटबिल शोधत होतो. आईला बिल भरायची भारी घाई, पण ते ठेवायची जागा दर महिन्याला नवी. ती दुपारची आडवी झाली होती, म्हणून तिची काळी पर्स उघडली. बिल नव्हतंच. हिंगाच्या डबीत भरलेली आवळासुपारी, लॅमिनेट केलेलं आधार कार्ड आणि रबरबँड लावलेला एस्टीच्या तिकिटांचा गठ्ठा. चांगला बोटभर जाड. प्रत्येक तिकिटावर भाडं शून्य.

वाई, सासवड, जेजुरी, नारायणगाव, परत वाई. खालच्या तिकिटांची शाई पार उडून गेलेली. मशीनच्या कागदाचं असंच होतं. तेव्हा ही कुठे कुठे जाऊन आली ते आता तिचं तिलाच ठाऊक.

पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एस्टी फुकट झाली ती ऑगस्ट २०२२ मध्ये. आईचा नंबर लागला पुढच्या जूनमध्ये. तिचा खरा जन्म कधीचा कोण जाणे, आजी नागपंचमीच्या आसपासचा म्हणायची. पण शाळेत घालताना मास्तरांनी वर्गातल्या निम्म्या पोरांसारखी तिलाही १ जून ही तारीख देऊन टाकली. १ जून १९४८. पुण्याहून नगरला पहिली एस्टी सुटली तोच दिवस! हे मी तिला मोठ्या कौतुकानं सांगितलं, तर म्हणाली, "मग बरोबर आहे. दोघींचे सांधे सारखेच वाजतात."

सांध्यांवरून आठवलं. हेच गुडघे गच्चीवर कुरडया घालायला चढत नाहीत. डॉक्टर तीन वर्षं कानीकपाळी ओरडताहेत, रोज अर्धा तास चाला. सोसायटीच्या बागेत दोन फेऱ्यांत ही बाकावर. पण एस्टीची ती पहिली पायरी, जी मलाही उंच वाटते, तिच्यावर ही दांडी धरून पिशवीसकट चढते. आदल्या रात्री गजर, पहाटे पाचला आंघोळ. परत आल्यावर त्या रात्री झोपेची गोळी लागत नाही, भूक कडकडून लागते, आणि शेजारच्या सीटवरच्या बाईच्या सुनेचं बाळंतपण आम्हाला जेवताना सविस्तर ऐकावं लागतं. औषधं कुठे ठेवली ते विसरणाऱ्या बाईला गाड्यांच्या वेळा मात्र तोंडपाठ. फुकटच्या या प्रवासासाठी स्वारगेटपर्यंत रिक्षाला नव्वद रुपये पडतात, पण तो हिशेब तिच्यापुढे काढायचा नाही.

आमच्या लहानपणी कंडक्टरच्या खांद्याला तिकिटांची पेटी असायची. पत्र्याच्या खणांत रंगीत तिकिटांचे गठ्ठे. गर्दीतून वाट काढत, पंच दांडीवर टकटक वाजवत तो यायचा. उतरल्यावर सगळ्यांची तिकिटं मी गोळा करायचो. जागा धरायचं काम बाबांचं. गाडी स्टँडात वळली रे वळली की धावत जाऊन खिडकीतून रुमाल टाकायचा. खिडकी अर्थात माझी. आई मध्ये, मांडीवर धाकटी, पायाशी वळकटी. शिरवळ गेलं की आई पदर नाकाला लावायची, हातात लिंबू धरायची. खंबाटकीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वळणाला व्हायचं ते व्हायचंच. मी खिडकीतून डोकं काढून खालचे ट्रक मोजत असायचो आणि तिचा एक हात मागून माझ्या शर्टाची कॉलर धरून असायचा. घाट कधी तिनं पाहिला असेल असं वाटत नाही. प्रवास तरी कशासाठी? कुणाचं बाळंतपण, कुणाचं लग्न, कुणाचं बारावं. परतीचा दिवस दुसऱ्यानं ठरवलेला.

आता गाडी लागत नाही. वयानं कमी होतं म्हणतात. ती म्हणते, मांडीवर कुणी नसतं म्हणून.

मागच्या फेब्रुवारीत मी आणि बायको हट्टानं तिच्याबरोबर वाईला गेलो. मामा जाऊन नऊ वर्षं झाली, वाडा केव्हाच विकला गेलाय. हिचं तिथे असतं काय, हे मला बघायचं होतं. गाडीत शिरल्याबरोबर आई सरळ खिडकीशी जाऊन बसली. "बस ना तू" वगैरे काही नाही. कंडक्टरनं विचारायच्या आतच आधार कार्ड पुढे. आईचं शून्य, बायकोचं निम्मं, आणि माझं पूर्ण. छप्पन्नाव्या वर्षी घरातला एकमेव फुल तिकीटवाला मीच. पासष्टीपर्यंत कसली सवलत म्हणून नाही.

घाट लागला. मी मान उंचावून बघत होतो, पण आईचा अंबाडाच दिसत होता.

वाईत ती घाटाच्या पायरीवर बसली, साडी घोट्याच्या वर घेऊन पाय कृष्णेत सोडले. घोट्यांवर मोज्यांचे वळ उठले होते, पाय सुजलेले. तीन तास एका जागी, मध्ये उतरली नाही. का तर कुणी खिडकी बळकावेल. "अगं, निदान बसल्या बसल्या पंजे वरखाली करावेत," मी म्हणालो.

"करते की," असं म्हणून तिनं पाण्यातच दोनदा करून दाखवले. दहा मिनिटं झाली असतील. कुणाची चौकशी नाही, वाड्याच्या बाजूला जाणं नाही. मग स्टँडावर येऊन एक चहा, तोही अर्धा, उरलेला माझ्या कपात. "चला, गाडी लागलीय."

एवढंच? मी विचारलंही.

"मग काय राहायचंय?" ती म्हणाली आणि परत खिडकी.

येताना घाट नाही, बोगदा. बोगद्यात दिवे आले तेव्हा तिच्या पिशवीतली बाटली दिसली. सकाळी मीच भरून दिलेली, लिटरभराची. बूच उघडलेलंही नव्हतं. म्हटलं, "आई, दिवसभरात पाणी नाही प्यायलीस?"

तिनं आधी बायकोकडे पाहिलं. बायकोनं माझ्याकडे. दोघींना ठाऊक होतं, मलाच नव्हतं.

"प्यायलं की जावं लागतं रे," आई हळू म्हणाली. "मग कुठे जायचं?"

घरी आल्यावर उभ्या उभ्या दोन भांडी पाणी प्यायली. मी बाटली बेसिनमध्ये ओतली. पाणी कोमट झालं होतं.