संध्याकाळी सहानंतर जाऊन बघा: आत्यासाठी पुण्यातली केअर होम्स पाहताना

केअर होम सकाळी अकराला दाखवतात. तोवर अंघोळी उरकलेल्या असतात, चादरी बदललेल्या असतात, आजी-आजोबा तेल-पावडर करून अंगणात उन्हाला बसवलेले असतात. ऑफिसातला माणूस चहा पाजतो आणि बाग दाखवतो. साताऱ्याहून आम्ही आत्यासाठी जागा बघायला पुण्याला गेलो तेव्हा सगळ्यांनी वेळ दिली ती हीच. वहिनींनी सगळं मान डोलावत ऐकून घेतलं आणि निघताना प्रत्येक ठिकाणी एकच विचारलं, "संध्याकाळी सहा-साडेसहाला पुन्हा डोकावलं तर चालेल ना?" यादीतली निम्मी नावं या प्रश्नाच्या उत्तरावरच गळाली.

वहिनी सरकारी रुग्णालयात सिस्टर होत्या, त्यामुळे या फेरीत डोळे त्यांचे आणि वही माझी अशी वाटणी होती. आत्या निवृत्त शिक्षिका. अल्झायमरचं निदान होऊन बरीच वर्षं झाली. घरी ब्युरोच्या (घरी निगा राखायला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीच्या) बाई होत्या, दिवसाच्या वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या. पण दिवेलागणीला पर्स काखेत मारून "शाळा सुटली, निघते मी" म्हणत ती दाराशी जायची आणि एकदा खरोखरच एसटी स्टँडवर सापडली. हात-पाय धड, चालणं खणखणीत, रात्रभर जाग. जागा शोधायच्या आधी आपल्या माणसाचं हे असं वर्णन कागदावर उतरवा. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची उत्तम निगा राखणारं होम चालत्या-फिरत्या माणसाला तुरुंगासारखं होऊ शकतं, आणि उलटंही. साध्या वृद्धाश्रमांचा नाद आम्ही लवकर सोडला, कारण तिथली पहिली अटच "स्वतःचं स्वतः करता यायला हवं" अशी असते.

आता रस्त्याबद्दल. खंबाटकी, खेड शिवापूरचा टोलनाका इथपर्यंत काही नाही, खरा वेळ नवले पुलापासून पुढे जातो. बरीच होम्स गावाबाहेर आहेत: सिंहगड रस्त्याने खडकवासल्याच्या पुढे डोणज्याकडे, पौड रस्त्याने भूगाव-पिरंगुटच्या बाजूला, नगर रस्त्याला वाघोलीकडे. कोथरूड-कर्वेनगरात जुने बंगले भाड्याने घेऊन चालवलेलीही आहेत. एका दिवसात एकच दिशा धरा. सकाळी वाघोली आणि दुपारी पिरंगुट असं ठरवलंत तर दिवस गाडीतच जाईल. रविवारी खडकवासला चौपाटीवर गाड्या हलत नाहीत, पावसाळ्यात तर विचारूच नका. तरीही त्या बाजूचं एखादं होम मनात भरलं असेल तर मुद्दाम रविवारी संध्याकाळी जा. तिथे कोणी पडलं, कोणाला धाप लागली, तर १०८ ची ॲम्ब्युलन्स त्याच रस्त्याने येणार आणि त्याच रस्त्याने परतणार आहे. जवळचं हॉस्पिटल किती किलोमीटरवर आहे यापेक्षा संध्याकाळी सातला तिथे पोचायला किती मिनिटं लागतात ते विचारा.

सहानंतर का, तर या आजारात बऱ्याच जणांची घालमेल ऊन उतरल्यावर वाढते. घरी जायचंय, मुलं शाळेतून आली असतील, गुरांना वैरण घालायचीय. नेमकं तेव्हाच दिवसाचे कर्मचारी निघायच्या घाईत असतात आणि रात्रीचे पुरते आलेले नसतात. ज्या होमने सकाळी आम्हाला गुलाबाचे ताटवे दाखवले होते, तिथे संध्याकाळी वॉचमनने आधी आत फोन लावला आणि आम्हाला फाटकाशी थांबवलं. आत हॉलमध्ये भिंतीला लागून खुर्च्या, एकच ट्यूब, टीव्हीवर मालिका चढ्या आवाजात. एक आजोबा उठायला लागले की मोबाइलवरची नजर न काढता एक पोरगा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवत होता. पुन्हा उठले, पुन्हा हात. कोपऱ्यातल्या आजींच्या कमरेभोवती ओढणी होती आणि तिची गाठ खुर्चीच्या मागे. "पडू नयेत म्हणून हो," असं उत्तर मिळालं.

त्या उत्तरावर वहिनी गाडीत बसेपर्यंत गप्प होत्या. बांधून ठेवण्याबद्दल मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ स्पष्ट आहे. तातडीची इजा टाळायला दुसरा काहीच मार्ग नसेल तरच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि गरजेपुरत्याच वेळासाठी. शिवाय पेशंटने नेमलेल्या प्रतिनिधीला चोवीस तासांत कळवायचं. माणसं कमी आहेत हे कारण त्यात बसत नाही. प्रत्येक ठिकाणी सरळ विचारा, "तुम्ही बांधता का? कधी? कोण ठरवतं?" विचारल्यावर समोरचा किती वेळ घेतो तेही बघा.

दुसरं ठिकाण कर्वेनगरातला जुना बंगला. बाग नाही, फरशी दोन ठिकाणी उखडलेली, रंग उडालेला. फोटोत बघितला असता तर आम्ही गेलोच नसतो. इथे मात्र अंधार पडायच्या आतच घरभर दिवे लागले होते आणि पडदे ओढलेले होते. दाराशी एक आजोबा प्लास्टिकची पिशवी घेऊन उभे. "सोलापूरची गाडी गाठायचीय मला." तिथल्या मावशी म्हणाल्या, "गाडीला अजून तास आहे बाबा. तोवर एवढी मेथी निवडू लागा की." आजोबा बसले. पानं नीट जुळवून जुडी करत होते आणि देठं शर्टाच्या खिशात ठेवत होते. थोड्या वेळाने पुन्हा उठले, पुन्हा सोलापूर. मावशींनी तेच उत्तर त्याच आवाजात दिलं, जणू पहिल्यांदाच विचारलंय. खिशातली देठं कोणी काढायला गेलं नाही. मला वाटतं, आमचा निर्णय तिथेच झाला होता, पण वहिनींची तपासणी अजून बाकी होती.

त्या तपासणीतलं तुम्हालाही जमेल असं बरंच आहे. अंथरुणावरच्या एखाद्या पेशंटच्या टाचा बघायच्या, घरच्यांची किंवा सिस्टरची परवानगी घेऊन. टाच लाल-काळी पडलेली असेल तर दर दोन तासांनी कूस बदलणं कागदावरच आहे असं समजा. ओठ आणि जीभ कोरडी आहे का, नखं कापलेली आहेत का. लघवीचा थोडा वास अशा जागी असणारच. फिनेलचा भपकारा आला तर जास्त संशय घ्या. संडास-बाथरूमला धरायला दांड्या हव्यात आणि आतली कडी बाहेरून उघडता यायला हवी. गिझरचं पाणी किती कढत येतं ते हाताला लावून बघा, कारण चटका बसला तरी सगळ्यांना सांगता येतंच असं नाही. जेवणाच्या वेळी भरवणारी बाई बसून भरवते की उभ्याने, हेही महत्त्वाचं. आजार वाढला की गिळणं बिघडतं, घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. पेशंटला ताठ बसवून, एक घास उतरल्यावर दुसरा द्यायला वेळ लागतोच. एकाच वाटीतल्या एकाच चमच्याने तिघांना फिरवून भरवताना आम्ही एके ठिकाणी पाहिलं. तिथला पत्ता मी वहीतून खोडून टाकला.

माणसं किती, याचं उत्तर बहुतेक जण "चार पेशंटमागे एक" असं देतात. त्यात स्वयंपाकी, ड्रायव्हर आणि माळीबुवाही धरलेले असतात. प्रश्न असा विचारा: रात्री दोन वाजता या मजल्यावर जागं कोण असतं? आणि मग हजेरीचं रजिस्टर बघू द्या म्हणा. ब्युरोतून दर महिन्याला नवीन माणूस येत असेल तर पेशंटला ओळखणारं कोणीच उरत नाही. मॅनेजरला बाजूला ठेवून एखाद्या आयाबाईंना एखाद्या आजींबद्दल विचारा, त्यांना काय आवडतं, चिडल्या तर काय करता. कर्वेनगरच्या मावशींनी "ह्यांना चहात आलं चालत नाही, आणि पांघरूण पायावरून काढलं की ओरडतात" असं धडाधड सांगितलं. पडण्याचंही तसंच. एके ठिकाणी ठासून सांगितलं की आमच्याकडे कोणी पडत नाही. वहिनी हसल्या. चालते पेशंट आहेत म्हणजे पडणारच. जिथे पडल्याची वही ठेवतात आणि ती दाखवतात, तिथे निदान कोणी बघतंय तरी.

औषधांचं पान नक्की बघायला मागा, अर्थात नाव झाकून. साडेसातला बहुतेकांना तीच झोपेची किंवा शांत करणारी गोळी असेल तर रात्रीची माणसं कमी आहेत हे ओळखावं. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, क्वेटियापिन यांसारखी शांत करणारी (अँटिसायकोटिक) औषधं कधीकधी लागतात, पण डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या (अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार), वृद्धांमध्ये त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गटातल्या नव्या औषधांवर २००५ मध्ये आणि जुन्यांवर २००८ मध्ये छापायला लावला. लेवी बॉडी प्रकारच्या डिमेन्शियात तर हॅलोपेरिडॉलने माणूस अचानक कडक होऊन ढासळू शकतो, म्हणून निदानाचा प्रकार फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून द्या. आणि एरवी बरा असलेला पेशंट एका रात्रीत भ्रमिष्टासारखा वागायला लागला तर आधी लघवी तपासतात का, हे विचारा. जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, दुखणं असली साधी कारणं गोळीखाली दडून जातात.

कागदपत्रांत फसगत सोपी आहे. एका ठिकाणी आम्हाला धर्मादाय आयुक्तांकडची ट्रस्टची नोंदणी आणि शॉप ॲक्टचं लायसन्स फ्रेम करून दाखवलं. ट्रस्ट आहे म्हणून निगा बरी राखतात असं काही नाही. २०१७ च्या कायद्यात मानसिक आजाराची व्याख्या करताना स्मृती आणि भान यांचा उल्लेख आहे, त्यामुळे असे पेशंट ठेवून घेणाऱ्या संस्थेची नोंदणी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे हवी. ती मागा. वहिनींचा शेवटचा प्रश्न ऐकून मी चपापले होते: रात्री कोणी गेलं तर मृत्यूचा दाखला कोणता डॉक्टर येऊन देतो? विचारायला जड जातं, पण पहाटे चारला शोधाशोध करण्यापेक्षा बरं.

पैशांचं म्हणाल तर सांगितलेली रक्कम आणि बिलाची रक्कम वेगळी असते. डायपर, औषधं, डॉक्टरची व्हिजिट, फिजिओथेरपी, हॉस्पिटलात सोबत राहणारा माणूस, हे सगळं बहुतेक ठिकाणी वर. मागच्या महिन्याचं एखादं खरं बिल नाव झाकून दाखवा म्हणा. डिपॉझिट किती, आणि पेशंट पहिल्याच महिन्यात गेला किंवा आपण परत नेला तर त्यातलं किती मिळतं, हे करारात लिहून घ्या. मेडिक्लेमवर फार विसंबू नका. नुसत्या राहण्या-देखभालीचा खर्च त्यात सहसा बसत नाही. जागा मिळायलाही वेळ लागतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, तेव्हा चांगल्या घरांपुढे रांग असणारच. निकड लागायच्या आधी नाव नोंदवून ठेवा. सुरुवात कुठून करावी हेच कळत नसेल तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे.

सहीचं काम तर उद्यावर टाकूच नका. अनेक घरांत मुखत्यारपत्र करून ठेवलेलं असतं आणि सगळे निर्धास्त असतात. पण भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे अधिकार देणाऱ्याचंच भान गेलं की तो अधिकार संपतो. मग पालकत्वासाठी कोर्टात जाणं आलं. माणसाला समजून सही करता येते तोवर बँकेतलं खातं जोडीचं करणं, नॉमिनी लावणं आणि उपचारांसाठी आपला प्रतिनिधी लेखी नेमणं हे उरकून घ्या.

आत्याला आम्ही आधी महिनाभराच्या बोलीवर ठेवलं. बहुतेक चांगली होम्स याला तयार असतात. "पहिले पंधरा दिवस येऊ नका, रुळू दे" असं काही जण सांगतात. कारण विचारा. कधी ते खरं असतं, पण अजिबात फिरकू नका आणि फोनही करू नका म्हणणाऱ्यांवर माझा भरवसा बसत नाही. कर्वेनगरला आम्हाला सांगितलं, या, पण जेवणाच्या वेळेच्या थोडं आधी या, म्हणजे तुम्ही निघताना त्या ताटावर असतील. हे कामाला आलं. नेताना सोन्याच्या बांगड्या उतरवून साध्या घातल्या. कपड्यांवर, चष्म्याच्या घरावर, कवळीच्या डबीवर नाव घातलं. तिची रोजची गोधडी दिली. सोबत एक पानभर माहिती: तिला "बाई" म्हटलेलं आवडतं, वांगं चालत नाही, डाव्या कानाने कमी ऐकू येतं, चिडली तर वह्या तपासायला द्या. वह्या खरोखरच दिल्या, जुन्या, लाल पेनासकट.

पेन्शन असेल तर नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्याचं आधीच ठरवून घ्या. ज्यांच्या पेन्शनला जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, चालतो त्यांचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून निघतो, पेशंटला बँकेत न्यावं लागत नाही. फक्त कॅमेऱ्याकडे बघून पापणी मिटवा म्हणतात, तेवढं ऐकायच्या मनःस्थितीत माणूस असायला हवा. आत्याच्या बाबतीत ती वेळ सकाळी नाश्त्यानंतरची.