एकोणतिसाचा पाढा

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातल्या एका रविवारी सकाळी मी खडकवासल्याच्या चौपाटीवर सायकल थांबवली, हातमोजे दातांनी ओढून काढले आणि हँडलवरच्या यंत्रातला आकडा आमच्या गटातल्या काकांपुढे धरला. खानापूरपासून तिथपर्यंत मी ताशी ३१ किलोमीटरची सरासरी राखली होती आणि वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, रोड बाइक घेतल्यापासून जेमतेम आठ महिन्यांत, हे काही कमी नाही असे मला मनापासून वाटत होते. काकांनी चष्मा कपाळावर चढवून आकडा नीट पाहिला. “छान,” ते म्हणाले. “शर्यत कधी आहे म्हणालीस?” मी म्हटले, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. “मग आज कोणाला हरवलंस?”

काका आता सत्तरीच्या घरात आहेत. तरुणपणी त्यांनी मुंबई–पुणे सायकल शर्यत अनेकदा पुरी केली आहे. आपण ‘घाटाचा राजा’, म्हणजे त्या शर्यतीत घाट सर्वांत आधी चढणारा, कधीच झालो नाही, पण जे झाले त्यांच्या पाठी फार जवळून पाहिल्या आहेत, असे ते सांगतात. त्या सकाळी त्यांनी मला दुसरे काही सांगितले नाही. मी मात्र घरी जाऊन मागच्या तीन आठवड्यांच्या नोंदी काढल्या, तेव्हा त्यांच्या प्रश्नाचा रोख कळला. आठवड्यातले चारही दिवस मी जीव तोडून चालवत होते, प्रत्येक दिवसाचा वेग जवळपास सारखा होता आणि तिसऱ्या आठवड्यात तर तो किंचित उतरला होता.

माझी शर्यत अगदी साधी आहे: वाहतुकीसाठी बंद केलेल्या रस्त्यावर चार किलोमीटरचा वळसा, त्याच्या दहा फेऱ्या आणि नवशिक्या महिलांचा वेगळा गट. पुण्यात सायकल गंभीरपणे चालवू लागलेल्या माणसाला शर्यतीआधी ब्रेव्हेचे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरे करायच्या लांब पल्ल्याच्या फेरीचे, बोलावणे येते. पहिले ब्रेव्हे २०० किलोमीटरचे असते आणि ते साडेतेरा तासांत पुरे करायचे असते. त्याचा मला आदर आहे, पण त्यात कोणी पहिले येत नाही, चहाला थांबता येते आणि कोणी वेग वाढवला तर त्याला जाऊ देता येते. चाळीस किलोमीटरच्या शर्यतीत पुढच्याला एकदा जाऊ दिले की तो परत भेटत नाही. मला नेमके तेच करून पाहायचे होते. तरीही गटातले निम्मे लोक मला “आधी दोनशे तर कर” असे अजूनही सांगतात.

सायकलिंगच्या तयारीबद्दल जे लिखाण सहज हाती लागते, ते बहुतेक युरोप आणि अमेरिकेतल्या हिवाळ्याला धरून केलेले असते. तिथे बर्फ, पाऊस आणि चार-साडेचारला मावळणारा दिवस माणसाला घरात कोंडतात. त्यामुळे हिवाळाभर संथ गतीने पाया घालायचा आणि वसंतात बाहेर पडून शर्यती करायच्या, ही शिस्त हवामानच लावते. आपल्याकडे सगळे उलटे आहे. पुण्यात सायकल चालवण्यासाठी वर्षातले सर्वांत सुखाचे दिवस दिवाळीनंतर सुरू होतात. पहाटे दहा-बारा अंशांवर पारा असतो, पाऊस नसतो, रस्ते धुऊन निघालेले असतात आणि पाय आपोआप जोरात फिरतात. अशा हवेत हळू जायला कोणी भाग पाडत नाही, ते स्वतःच ठरवावे लागते. मग वसंत म्हणून जो येतो, त्यात दुपारचा पारा छत्तीसच्या पुढे जातो. म्हणजे मोहात पाडणारी हवा तयारीच्या वाट्याला येते आणि परीक्षा उन्हात होते.

हळू का जायचे, हे समजून घेतल्याशिवाय मला ते जमले नसते. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, साधारण चारशे-पाचशे ग्रॅम असते आणि ती दोन हजार कॅलरींच्या आसपास भरते. चरबीचा साठा मात्र सडपातळ माणसाकडेही याच्या कितीतरी पट असतो. जोरात चालवताना शरीर मुख्यतः साखर जाळते, तर संथ चालवताना चरबीचा वाटा मोठा असतो. आठवड्यामागून आठवडे संथ चालवल्याने स्नायूंच्या पेशींतली ऊर्जा तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया वाढतात, केशवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते. या बदलांना महिने लागतात आणि घाई करून ते लवकर होत नाहीत. शर्यतीला लागणारी धार काही आठवड्यांत चढवता येते, पण ती चढवायला खाली पाते असावे लागते. मी मधल्या जोरावर रोज चालवत होते. पाया पडावा इतके ते संथ नव्हते आणि धार यावी इतके तीव्रही नव्हते, फक्त दमवणारे होते.

सिंहगडाच्या चढावर माझे हृदयाचे ठोके मिनिटाला जास्तीत जास्त १८३ पर्यंत गेलेले मी पाहिले होते, म्हणून संथ दिवसांची मर्यादा १३५ ठरवली. काकांचे यंत्र माझ्या यंत्राहून जुने आणि स्वस्त आहे. त्यांचे म्हणणे असे की चालवता चालवता एकोणतिसाचा पाढा न धापता म्हणता आला, तर वेग बरोबर. मी हसले होते, पण ठोके मोजणाऱ्या छातीच्या पट्ट्यापेक्षा मला पाढ्याचाच जास्त उपयोग झाला. जोर थोडा जरी वाढला, तरी श्वास आणि हिशेब दोन्ही एकाच वेळी अडखळतात. एकोणतीस पंचे एकशे पंचेचाळीस, एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर, आणि मग साते म्हणताना धाप लागली की एक गिअर हलका करायचा. सुरुवातीचे दोन आठवडे हा सगळा प्रकार मानहानीचा होता. डोणज्याच्या अलीकडच्या चढावर १३५ च्या आत राहायचे तर सायकल जेमतेम सरळ राहील इतक्या गतीने जावे लागे. एका सकाळी शाळेचा गणवेश घातलेला, पाठीला दप्तर आणि हँडलला पाण्याची बाटली लटकवलेला एक मुलगा साध्या, करकरणाऱ्या सायकलवरून मला मागे टाकून गेला. पुढे गेल्यावर त्याने वळून आधी माझ्या सायकलकडे पाहिले आणि नंतर माझ्याकडे. मी पाढा म्हणत राहिले.

डिसेंबरअखेरपर्यंत आठवड्याला सहा ते आठ तास असेच गेले. तीन आठवडे थोडे थोडे वाढवायचे आणि चौथ्या आठवड्यात निम्म्यावर आणायचे, एवढेच वेळापत्रक होते. कचेरीच्या दिवसांत दोनदा घरातच ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवता येते अशा स्टँडवर, तासभर चालवत असे. खालच्या मजल्यावरच्या आजींना घरघर ऐकू जाते हे कळल्यावर त्याखाली दुहेरी सतरंजी आणि रबरी चटई घातली. ट्रेनरवर पंखा लागतोच, कारण अंगावर वारा नसला की वीस मिनिटांत हँडलवरून घाम ठिबकू लागतो आणि त्याच जोरावर ठोके आठ-दहाने चढतात.

खाण्याच्या बाबतीत मला बाजारातल्या पुड्यांची फारशी गरज भासली नाही. दीड तासापेक्षा मोठ्या फेरीत दर तासाला चाळीस ते साठ ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत एवढे पाहायचे. मध्यम आकाराच्या केळ्यात ती पंचवीस ग्रॅमच्या आसपास असतात, उरलेली भर चिक्की, राजगिऱ्याचे लाडू किंवा उकडलेले रताळे घालते. चालत्या सायकलवरून लाडू खाणे मात्र शिकावे लागते, कारण राजगिरा घशात उडतो आणि मग पाढा काय, श्वासही धड घेता येत नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात उजवा गुडघा दुखू लागला. वाटीच्या जरा खाली, पुढच्या बाजूने, जिना उतरताना कळ येई. मी आधी थंडीला दोष दिला, मग वाढवलेल्या तासांना आणि नंतर नव्या बुटांना. दहा दिवस सायकल जवळपास बंद ठेवली. काकांनी घरी येऊन सायकल भिंतीला टेकवली, मला तिच्यावर बसवले आणि टाच पॅडलवर ठेवून पाय खाली न्यायला सांगितले. पाय सर्वांत खाली असताना तो सरळ व्हायला हवा होता, माझा गुडघा चांगलाच वाकलेला राहिला. तेव्हा आठवले की नाताळच्या सुट्टीत गावी जाताना सायकल गाडीत मावावी म्हणून मी सीट खाली सरकवली होती आणि परत आल्यावर ती अंदाजाने वर केली होती. मोजल्यावर दीड सेंटिमीटरचा फरक निघाला. सीट खाली असली की प्रत्येक फेऱ्यात गुडघा जास्त वाकतो आणि पुढच्या बाजूवर ताण येतो. मिनिटाला ८५ फेरे धरले तर दोन तासांत दहा हजारांवर फेरे होतात, तेव्हा गुडघ्याने तक्रार केली नसती तरच नवल. आता सीटची बरोबर उंची कळावी म्हणून दांड्यावर, जिथे तो सांगाड्यात शिरतो तिथे, वायरमनची काळी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. दिसायला ती वाईट दिसते.

संक्रांतीनंतर काकांनी जोर लावायची परवानगी दिली, पण आठवड्यातून दोनच दिवस. मंगळवारी कात्रजच्या जुन्या घाटात आठ-आठ मिनिटांचे चार चढ, मधे चार-चार मिनिटे हलके पाय. जोर इतका की तीन-चार शब्दांपलीकडे बोलता येऊ नये, पण चौथा चढ पहिल्याइतकाच नेटाने व्हावा. पहिल्या मंगळवारी मी पहिलाच चढ उधळले आणि तिसऱ्याच्या मध्यावर दगडी कठड्याला पाय टेकून उभी राहिले. नंतर समजले की हृदयाचे ठोके जोराच्या मागून येतात, पहिली दोन मिनिटे यंत्रातला आकडा कमी दिसतो आणि तो पाहून नवखा माणूस आणखी जोर लावतो. म्हणून सुरुवात पायांच्या अंदाजाने करायची आणि आकडा शेवटच्या पाच मिनिटांत पाहायचा. उरलेले दिवस पुन्हा पाढ्याचेच होते. आता ते मला आवडूही लागले होते, कारण घाटाच्या दुसऱ्या दिवशी पाय जड असत आणि हळू जायला निमित्त मिळे.

फेब्रुवारीत कळले की एकटीने चालवून शर्यतीची निम्मीच तयारी होते. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे सपाट रस्त्यावर ताशी तीसच्या पुढे बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. पुढच्याच्या चाकामागे नीट राहिले तर त्यातला चौथा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, वाचतो. हे वाचायला सोपे आहे. प्रत्यक्षात दुसऱ्याच्या मागच्या टायरपासून हातभर अंतरावर ताशी ३४ ने जाताना माझी बोटे ब्रेकवरून निघत नव्हती, मी सारखी ब्रेक चाचपत होते आणि माझ्या मागचे लोक करवादत होते. नजर पुढच्या चाकावर खिळवायची नाही, त्या माणसाच्या खांद्यावरून पलीकडे पाहायचे, वेग जुळवायला ब्रेकऐवजी पाय क्षणभर थांबवायचे किंवा जरासे बाजूला येऊन वारा अंगावर घ्यायचा, हे सारे अंगवळणी पडायला चार रविवार गेले. वळणांचा सराव एका रिकाम्या औद्योगिक वसाहतीत सुट्टीच्या दिवशी केला. ब्रेक वळणाच्या आधी, वळणाबाहेरचे पॅडल खाली आणि त्यावर भार, नजर वळण जिथे संपते तिथे. माझे डावे वळण चांगले आहे, उजवे अजूनही भित्रे आहे.

वेळापत्रक जाहीर झाले तेव्हा नवशिक्या महिलांची शर्यत सकाळच्या सत्राच्या अगदी शेवटी, साडेदहानंतर ठेवलेली निघाली. आमच्या वाट्याला ऊन का, हे विचारून पाहिले, पण समाधानकारक उत्तर मिळाले नाही. निदान त्यामुळे तयारीतली मोठी उणीव तरी वेळेत लक्षात आली: माझा सगळा सराव पहाटेचा होता. शरीर उन्हाला सरावायला दहा ते चौदा दिवस लागतात. त्या काळात रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातले मीठ कमी होते. म्हणून मार्चच्या सुरुवातीपासून मी संथ फेऱ्या अकरा वाजता सुरू केल्या, कचेरीच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पाऊण तास का होईना. पहिल्या दिवशी त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला ठोके १३५ ऐवजी १४८ वर गेले आणि एकोणतीस चोकच्या पुढे काही सुचेना. दहाव्या दिवशी ते १३९ वर आले. दोन बाटल्यांपैकी एकीत लिंबू, साखर आणि चिमूटभर मीठ असते, दुसरीतले साधे पाणी मानेवर ओतायला ठेवते.

शर्यत येत्या रविवारी आहे. या आठवड्यात तास निम्म्यावर आणले आहेत आणि फक्त बुधवारी एकेका मिनिटाचे पाच झपाटे घेतले. काल संध्याकाळी शेवटची लांब फेरी म्हणून डोणज्यापर्यंत जाऊन आले. नोव्हेंबरात १३५ ठोक्यांवर सपाटीला ताशी २१ ने जाणारी सायकल आता २५ ने जाते आणि त्या चढावर मी दाहेपर्यंत पोहोचले. घरी आल्यावर साखळी रॉकेलच्या फडक्याने पुसली, मागच्या टायरमध्ये रुतलेली काचेची कणी टाचणीने काढली आणि चिकटपट्टी जागेवर आहे ना, हे दोनदा पाहिले. काका उजव्या वळणापाशी उभे राहणार आहेत. वेग कमी केलास तर चालेल, पण ब्रेक उशिरा लावलास तर सगळ्यांसमोर ओरडेन, असे त्यांनी बजावले आहे.