टिकांची वही

विद्यापीठाच्या देणगी टेबलावर मी अकरा वर्षं काढली. या टेबलावरचं सगळ्यात अवघड काम पैसे मागायचं नाही. देणारे येतात. अवघड असतं ते त्यांना सुवर्णपदकापासून परावृत्त करणं.

प्रत्येकाला पदकच द्यायचं असतं. वडिलांच्या नावाने, आईच्या नावाने, एमएला अमुक विषयात पहिल्या येणाऱ्याला. आमच्या रजिस्टरात १९६८ सालची दीड हजारांची एक ठेव आहे. त्या काळी ती मोठी रक्कम होती. आज तिचं वर्षाचं व्याज जेमतेम शंभराच्या आसपास, आणि अट अशी की विशिष्ट तालुक्यातली, वसतिगृहात राहणारी, गणितात पहिली आलेली मुलगी हवी. अशी मुलगी सहा वर्षांत मिळालेली नाही. मिळाली असती तरी तिला बक्षिसाला बोलावण्याचा एसटीचा खर्च बक्षिसापेक्षा जास्त झाला असता. अट बदलावी तर देणगीदार हयात नाहीत. ठेव जागेवर बसून आहे.

भाषणात देणगी जाहीर करून गायब होणाऱ्यांसाठी माझ्याकडे मुंबईचे कापसाचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांची गोष्ट तयार असते. त्यांनी १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख दिले आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. मनोऱ्याला आईचं नाव लागलं, राजाबाई. पुढच्याच वर्षी अमेरिकेतली यादवी संपली, कापसाचा भाव कोसळला आणि त्यात तेही बुडाले. पण दिलेला पैसा देऊन झाला होता. १८६९ ला पाया घातला, १८७८ ला मनोरा पुरा झाला. तेव्हा साहेब, मी म्हणतो, चेक आज फाडा, हार पुढच्या महिन्यात घालू.

त्या दिवशी आलेल्या बाईंना मात्र ही गोष्ट सांगायची वेळच आली नाही. निवृत्त शिक्षिका, पर्समध्ये तीन लाखांचा चेक लिहून तयार. यजमानांच्या नावाने मराठीत पहिल्या येणाऱ्याला पदक. मी फॉर्म काढला आणि नेहमीची टकळी सुरू करणार, तेवढ्यात एक मुलगा प्रवेश रद्द करण्याचा अर्ज घेऊन आत आला. एमएस्सीचं दुसरं वर्ष. कारणाच्या रकान्यात ‘घरगुती अडचण’. हा अर्ज माझ्याकडे यायचा नसतो, तो चुकून आला होता. बाईंनी त्याला विचारलं, “जेवलास का रे?” तो म्हणाला, “हो बाई.” अकरा वाजले होते. त्या वेळी कोण जेवतं?

“उद्या ये,” असं सांगून मी अर्ज ठेवून घेतला. नियमात बसत नाही, पण घेतला.

दुपारी बाई म्हणाल्या, तुमची पोरं जेवतात कुठे ते दाखवा. मी त्यांना फाटकासमोरच्या खाणावळीत नेलं. मावशी बावीस वर्षं ती चालवतात. महिन्याला २,६०० रुपये, दोन वेळचं. शिष्यवृत्तीचा हप्ता कधी दिवाळीनंतर, कधी परीक्षा झाल्यावर जमा होतो, तोवर निम्मी पोरं मावशींच्या उधारीवर जगतात. विद्यापीठाच्या वार्षिक अहवालात देणगीदारांची यादी छापतात. मावशींचं नाव तिथे कधी आलं नाही, कारण त्यांनी आम्हाला काही दिलेलंच नाही. कागदावर तरी नाही.

बाईंनी वही मागितली. मावशी आधी बिचकल्या, मग दिली. दोनशे पानी, प्रत्येक पोराचं एक पान, जेवणाला एक टीक. बाईंनी पर्समधलं लाल पेन काढलं आणि चक्क बेरजा तपासायला बसल्या. अर्ध्या तासात तीन चुका सापडल्या, तिन्ही मावशींच्या तोट्याच्या.

“अहो, चारशे रुपये कमी धरलेत तुम्ही.”

“असूं द्या वो बाई. मला हातचा घ्यायचं सुधरत नाही.”

मग बाई एका पानावर थांबल्या. महिनाभर टिका भरगच्च, नंतर अकरा दिवस कोरे. नाव सकाळच्या मुलाचं.

“हा गावी गेलाय का?”

“कुठला गावी! हाय की हॉस्टेलवर.” मावशी पोळी लाटता लाटता बोलत होत्या. “उधारी दोन महिन्यांच्या वर गेली की पोरं यायचीच बंद व्हत्यात. म्या पैशे मागत नाही वो. पर त्यांस्नीच तोंड दावायची लाज वाटती.”

मी अकरा वर्षं गरजू विद्यार्थ्यांच्या याद्या करतोय. अर्ज करणाऱ्यांच्या याद्या. जे यायचेच बंद झाले त्यांची यादी करायचं मला कधी सुचलं नव्हतं.

ऑफिसात परतल्यावर बाईंनी पदकाचा फॉर्म फाडला. तीन लाखांचं व्याज वर्षाला साधारण २१ हजार, म्हणजे आठ मुलांचं एकेक महिन्याचं जेवण. हिशेब त्यांनीच मांडला. मार्कांची अट नको, जातीची नको, तालुक्याची नको. “मग नाव?” मी विचारलं. मला वाटलं, नको म्हणतील. “नाव हवंच,” त्या म्हणाल्या. “ठळक. हे कोल्हापूरच्या बोर्डिंगात राहून शिकले. दुसऱ्यांच्या पैशाने जेवल्याचं त्यांनी कधी लपवलं नाही.” शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात जातीजातींना हाताशी धरून वसतिगृहं उभी केली, त्यांपैकीच एक ते.

मुलाला मावशींनी त्याच रात्री माणूस पाठवून बोलावून घेतलं. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. पुढच्या आठवड्यात तो ‘कमवा आणि शिका’मधून ग्रंथालयात लागला. त्याचा अर्ज अजून माझ्या खणात आहे.

बाईंची योजना मात्र व्यवस्थापन परिषदेत अडकली. निकष काय, पुरावा काय? भुकेचा दाखला कोण देणार? दोन बैठकांनंतर ठरलं, की खाणावळचालकाचं पत्र ग्राह्य धरावं, सही व शिक्क्यासह. मावशींकडे शिक्का कुठला? मी चौकातून करून आणला, १८० रुपये. ते कुठल्या शीर्षाखाली टाकायचे याचा लेखा विभागाला पत्ता लागेना, म्हणून शेवटी मीच दिले. मावशींनी पहिल्यांदा तो वहीच्या पुट्ठ्यावर उमटवून पाहिला. उलटा.