चिखलदऱ्याची तिसरी सकाळ

चिखलदऱ्याचे पहिले दोन दिवस धुक्यात आणि देवी पॉइंटवर गाडीतले स्पीकर लावून नाचणाऱ्यांच्या गोंगाटात गेले. पावसाचा आवाजसुद्धा धड ऐकू आला नाही, याचा राग अजून आहे.

तिसऱ्या दिवशी सहाला चहा घेऊन अंगणात आले. उतरलो होतो तिथे अनंताचं झुडूप होतं, शेंड्याची पानं पार शिरेपर्यंत खाल्लेली. शेजारच्या ओल्या भिंतीला एक जाडजूड पतंग चिकटला होता. पंख करडे, धुरकट, बुरशी आल्यासारखे. आजारी असावा असं वाटलं. तेवढ्यात तो थरथरू लागला. उडण्याआधी हे पतंग असेच स्नायू तापवून घेतात. थरथर वाढली, पंखांवरून पिठीसारखी धूळ झडली आणि मागे राहिली नुसती काच! गडद शिरांच्या चौकटीत बसवलेली, आरपार भिंत दिसेल अशी. शेवाळी पाठ, पोटावर विटकरी पट्टा, शेपटीला काळा झुपका. भुंग्यासारखा घूं करत तो गेला. चहा गार झाला होता.

हा कॉफी क्लिअरविंग, शास्त्रीय नाव सेफोनोडेस हायलास. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७७१ मध्ये त्याची नोंद केली. कोशातून निघताना पंखांवर खवले असतात, ते पहिल्या उड्डाणातच गळतात. नावात क्लिअरविंग असलं तरी हा हॉक मॉथ, म्हणजे वेगळ्याच कुळातला पतंग. खऱ्या क्लिअरविंग कुळातल्या अळ्या बहुतेक खोडं-मुळं पोखरतात, याची अळी उघड्यावर पानं खाते. कॉफी, अनंत, गेळ, पापट ही तिची झाडं, सगळी एकाच कुळातली. चिखलदऱ्यात कॉफीची लागवड आहे, रानात गेळ आहे. तिला आणखी काय हवं?

"थे हिरवी अळी हाये ना ताई, मांगं शिंग असलेली, तिचंच काम हाये हे," खाल्लेली पानं बघून तिथल्या मावशी म्हणाल्या. "मालक म्हनते फवारा मारा."

मला बोलवेना. मागच्या पावसाळ्यात घरच्या कुंडीतल्या अनंतावर याच अळ्या होत्या आणि मी औषध मारलं होतं. सकाळी कुंडीखाली पाच पडलेल्या. फुलं वाचली म्हणून मला बरंही वाटलं होतं. मावशींना हे सगळं सांगितलं आणि निदान भिंतीकडची फांदी तरी सोडा म्हणून विनवलं.

त्यांनी एक पान उलटं केलं. खाली बोटभर अळी, हिरवीगार, शेपटीचं शिंग ताठ.

"राहू दे मंग," त्या म्हणाल्या. "पानं खाल्ल्यानं झाड थोडीच मरते. मालकाले मी सांगतो."