तुम्ही विचारलंत म्हणून: रेकॉर्डचं लिक्विड मी कुलपात का ठेवतो

"अण्णा, ते रेकॉर्ड पुसायचं लिक्विड थोडं बाटलीत घालून द्या की. आणि कुलपात काय ठेवलाय, सोनं हाय काय त्यात?" माझ्याकडं रेकॉर्डी ऐकायला येणारा प्रत्येक जण चहा संपला की हेच विचारतो, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सोनं नाही. डिस्टिल्ड वॉटर, पाचवा हिस्सा आयसोप्रोपिल अल्कोहोल म्हणजे आयपीए, आणि भांडी घासायच्या लिक्विडचे एकदोन थेंब. लपवण्यासारखं काही नाही, आणि कंजूष तर मी अजिबात नाही, उलट पूर्वी मीच वाटत सुटायचो.

ऑगस्ट २०१९ चा आमच्या कोल्हापूरचा महापूर. शाहूपुरीतल्या एका मित्राच्या घरात पाणी शिरलं, खालच्या कपाटातल्या सगळ्या रेकॉर्डी गाळात. मी त्याला नुसता आयपीए दिला आणि बाटलीवर मार्करनं लिहून दिलं, पाणी मिसळून वापरायचं, फक्त एलपीला, ७८ ला लावायचं नाही. (एलपी म्हणजे प्लास्टिकच्या रेकॉर्डी, ७८ म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्याआधीच्या जुन्या.) लिहून दिलं होतं हे परत सांगतो, कारण आमच्या घरात अजून यावरनं वाद होतो. त्यानं घरी जाऊन ते पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतलं, का तर तिच्या टोपणाला भोकं पाडून शिंपडायला सोपं. लेबल राहिलं जुन्या बाटलीवर.

त्याचा पोरगा कापसाचा बोळा घेऊन बसला. बोळा काळा व्हायला लागला तसं त्याला वाटलं पुराचा गाळ निघतोय, मग त्यानं आणखी जोर लावला, बोळे बदलले, आणि काळं काही थांबेना. गाळ कधीच गेला होता, निघत होती ती रेकॉर्डच. ७८ च्या रेकॉर्डी लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलात विरघळते, सुतार चपडा स्पिरिटमध्ये घालून पॉलिश करतो ते हेच. मी गेलो तेव्हा चकाकी जाऊन ती राखाडी पडलेली, हाताला चिकट, कापसाचे तंतू खाचांत रुतलेले. गायिका केसरबाई केरकरांची होती हो. आपल्या कोल्हापूर दरबारच्या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. १९७७ मध्ये नासानं व्हॉयेजर यानावर त्यांचं गाणं तांब्याच्या तबकडीवरनं अवकाशात पाठवलंय, ती तेवढी कापसापासनं लांब आहे.

पण कुलूप त्यामुळं नाही. उपसा केंद्रं पाण्याखाली, नळ बंद, त्यामुळं त्यांच्या ओट्यावर प्यायच्या पाण्याच्या बाटल्यांची रांग, आणि काम झाल्यावर कुणीतरी ही पण त्यातच ठेवली, दुसरं टोपण लावून. संध्याकाळी मित्राच्या आईनं घोट घेतला. अर्धा गिळला, अर्धा थुंकला, घशात नुसती आग. शेजारचं कोणतरी मीठपाणी पाजून उलटी काढायला निघालं होतं, डॉक्टर फोनवर ओरडले, उलटी काढू नका, तसंच घेऊन या. रात्रभर ठेवून घेतलं, सकाळी बऱ्या होत्या. खरं सांगू? दवाखान्याच्या बाकड्यावर बसून मी रेकॉर्डचाच विचार करत होतो. हे मित्राला अजून सांगितलेलं नाही, वाचलं तर वाचू दे.

तेव्हापासनं आयपीए मूळच्या कॅनमध्येच, झाकण घट्ट, वर ठळक अक्षरात 'विष'. कालवलेलं पण लेबल लावूनच, त्याच कपाटात. कपाट देवघर आणि गॅसपासनं लांब, कारण आयपीएची वाफ १२ अंशाच्या पुढं ठिणगीनं पेट घेते, आपल्याकडं एवढी थंडी कधी असते? वर ती हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते, म्हणून कालवतानाही खिडकी उघडी. बायको म्हणते, मग घरात आणताच कशाला? थोडंच आणतो, एवढंच माझं उत्तर.

आणि जुना मी काय गप्प बसत नाही. तो म्हणतो, तू दिलं नाहीस म्हणून लोक पुसायचे थांबले काय? नाही थांबले. २०२० नंतर लोकांनी सॅनिटायझर चोळलं, त्यातलं ग्लिसरीन खाचांत बसलं. कोण नेलपॉलिश रिमूव्हर लावतो, त्यातल्या अ‍ॅसिटोननं एलपीचं प्लास्टिकच खराब होतं. म्हणजे माझ्या कुलपानं रेकॉर्डी वाचल्या असं मी छातीठोक सांगू शकत नाही.

माझ्याकडं घेऊन या, इथंच पुसून देतो. ७८ ला साबणाचं हलकं पाणी, मऊ ब्रश, मधलं कागदी लेबल कोरडं ठेवायचं आणि लगेच टिपून घ्यायचं, आयपीएचा थेंब नाही. परवा एक जण हे ऐकून "एवढ्यासाठी कोण येणार मंगळवार पेठेत" म्हणून तडक निघून गेला. घरी जाऊन त्यानं पेट्रोलनं पुसली असं कळलं. त्याला बाटली द्यायला पाहिजे होती असं जुना मी म्हणतोय, मला अजून तसं वाटत नाही.