नकटं व्हावं, पण...

सर्दी झाली की आपल्याला नाक आहे हे कळतं. एरवी ते बिचारं चष्म्याचं ओझं वाहत गुमान बसलेलं असतं. परवा दुपारी ते लाल होऊन, सुजून चेहऱ्याच्या मधोमध मालकासारखं बसलं होतं. व्हिक्स चोळून, तोंडाने श्वास घेत मी पडलो होतो. झोप येत नव्हती. असल्या वेळी माणूस फोनवर काय वाटेल ते बघतो. मी एका माणसाचं नाक बघत होतो.

दोनेक मिनिटांची जुनी फिल्म, 1900 साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात दाखवलेली. पिसांची टोपी, हातात तलवार, आणि नाक असं की माणूस खोलीत शिरायच्या आधी ते शिरावं. समोरच्याशी तलवारीचे हात करता करता हा गडी कविता रचतोय. चित्राबरोबर वाजायला आवाज वेगळा सिलिंडरवर भरून ठेवलेला, त्यामुळे बोलपटाचं युग यायच्या सत्तावीस वर्षं आधी हा माणूस पडद्यावर बोलून मोकळा झाला. नाटक 'सिरानो द बर्जराक', नट कोकलँ.

हे नाव उच्चारताना दरवेळी मला हसू येतं. आमच्याकडे कोकलणं म्हणजे काय ते सांगायला नको. पण त्याचा आवाज तसा होताच म्हणतात, तुतारीसारखा, शेवटच्या रांगेत बसलेल्याच्या छातीत जाऊन वाजणारा.

गंमत त्या नाकाची आहे. ते त्याचं नव्हतंच. खरा कोकलँ नकटा. चांगलं वर वळलेलं, बसकं नाक. त्या नाकाने त्याला आधी नोकराच्या भूमिका दिल्या, आणि छप्पन्नाव्या वर्षी वरून दुसरं चिकटवल्यावर जगाने त्याला डोक्यावर घेतलं.

आमच्या आजीला हे सांगायला हवं होतं. 'नकटं व्हावं, पण धाकटं होऊ नये' ही म्हण तिच्या तोंडात कायम. आमच्या घरात दोन्ही माल हजर होते. दादा नकटा आणि मी धाकटा. म्हणीच्या हिशेबाने फायद्यात दादा होता, आणि तो फायदा त्याने पुरेपूर वसूल केला.

चाळीच्या गणपतीत एका वर्षी मुलांचं आग्रा-भेटीचं नाटक बसवलं होतं. दादाला शिवाजी व्हायचं होतं. पण महाराजांचं नाक कसं, हे चाळीतल्या प्रत्येक भिंतीवर टांगलेलं होतं. दादाला औरंगजेब मिळाला. तो घुश्शातच तालमीला गेला, आणि मग कोणीतरी इतिहासाचं पुस्तक उघडलं तर औरंगजेबाचं नाकही हे एवढं लांब! नकट्याच्या लग्नाला म्हणतात ती सतराशे साठ विघ्नं. शेवटी आजीने कणीक तिंबली. थोडा मैदा, थोडा डिंक, वर सफेता आणि काव. नाक असं झालं की दादा रात्रीपर्यंत आरशापुढून हलेना. मी चोबदार होतो. मला बोलायला काही नव्हतं. भाला धरायचा आणि हसायचं नाही, एवढंच काम.

मांडवातली गर्मी, डोक्यावर दोनशेचे चार बल्ब. दादा तख्तावरून उठला, हात पुढे करून गरजला, "मुझे सिवा चाहिये!" आणि नाक निघालं. पडलं नाही एकदम. आधी ओठावर आलं, जरा विचार केल्यासारखं थांबलं, मग दाढीत उतरलं.

मी हसलो. भाल्यासकट हसलो. मांडव तर आडवाच झाला.

दादाने काय करावं? त्याने शांतपणे नाक दाढीतून काढलं, तळहातावर धरून निरखलं, माझ्याकडे रोखून बघितलं आणि म्हणाला, "चोबदार, दख्खनची हवा आम्हाला मानवत नाही. हे खजिन्यात जमा करा." आणि ते लिबलिबीत नाक माझ्या हातात ठेवून पुढच्या वाक्याला गेला. आग्र्यात बसून दख्खनची हवा कशी बाधली, हे कोणी विचारलं नाही. टाळ्या पडल्या. चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

कोकलँचं म्हणणं असं होतं की नटाच्या आत दोघं असतात. पहिला वाजवणारा, दुसरा त्याचं वाद्य. दुसरा रडतो, ओरडतो, मरतो. पहिला बाजूला उभा राहून बघत असतो, त्याने भान सोडायचं नाही. लंडनच्या हेन्री आयर्व्हिंग या नटाला हे मुळीच पटलं नाही. नटाला आतून हललंच पाहिजे, असं त्याचं मत, आणि 1887 च्या सुमाराला दोघांनी छापील वाद घातला. मी त्यात पडत नाही. मी फक्त एवढं पाहिलंय की दादातल्या दुसऱ्याचं नाक गळून पडलं तेव्हा पहिला जागेवर होता. आणि चोबदाराच्या आत दोघं नव्हतेच, एकच होता, तो हसला.

कोकलँने आपलाच एक किस्सा सांगून ठेवलाय. एका नाटकात त्याला दारू पिऊन झोपायचं असे. हे सोंग तो रोज झकास वठवी. एकदा प्रवासाच्या शिणामुळे त्याला रंगमंचावर खरीच झोप लागली, आणि तो खराखुरा घोरला. लोकांना ते घोरणं काही पटलं नाही. म्हणे नैसर्गिक वाटत नव्हतं.

(सध्या माझं घोरणंही फार नैसर्गिक आहे. घरच्यांना तेही पटत नाही.)

हा मूळचा पाववाल्याचा मुलगा. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरच्या बुलोन गावात 1841 साली जन्मला. बापाची भट्टी चालवायची हे जवळजवळ ठरलेलं. म्हणजे कणीक याच्याही घरी होतीच. ती सोडून पॅरिसच्या कॉन्झर्व्हातोआर या नाट्यशाळेत रेन्ये नावाच्या मुरलेल्या नटाच्या हाताखाली शिकला आणि 1860 च्या डिसेंबरात, वीस वर्षांचाही नसताना, कोमेदी-फ्रांसेझ या थिएटरच्या रंगमंचावर उभा राहिला. मोलिएर या जुन्या फ्रेंच नाटककाराच्या नाटकातला नोकर. पुढच्या वर्षी फिगारो, तोही नोकर. मग मास्कारीय, स्कापँ, सगळी मोलिएरची नोकर मंडळी. मालकापेक्षा हुशार, पगार थकलेला, तोंड बंद न राहणारी.

मला हा वर्ग फार आवडतो. नाटकात मी नायकाकडे बघतच नाही. पाण्याचा तांब्या घेऊन येणारा गडी काय करतोय तिकडे माझं लक्ष असतं. चोबदारकीचा संस्कार असेल. आपल्या 'संशयकल्लोळ'मध्ये फाल्गुनराव संशयाने पेटलेला असताना माझा जीव भादव्यात अडकलेला असतो. आणि फाल्गुनराव तरी कुठला? देवलांनी तो इंग्रजी नाटकातून आणला, इंग्रजाने तो मोलिएरच्या 1660 च्या नाटकातून उचलला होता. त्या हिशेबाने कोकलँ आमच्या आळीतलाच म्हणायचा.

पण नोकरांत अडकून राहिला तर तो कोकलँ कसला? 1866 साली तो ग्रँग्वार झाला, भुकेने कळवळत कविता म्हणणारा फाटका कवी. दहा वर्षांनी धाकट्या द्युमाच्या नाटकात सडका, उर्मट ड्यूक. मग ह्यूगोच्या 'रुइ ब्लास'मधला चिंध्यांतला उमराव. बावीसेक वर्षांत चाळीसच्या वर नव्या नाटकांतल्या मुख्य भूमिका पहिल्यांदा त्याने उभ्या केल्या. कोमेदी-फ्रांसेझ म्हणजे नुसतं थिएटर नाही, 1680 पासून चालत आलेलं एकत्र कुटुंब आहे. मोठे नट तिथे पगारदार नसतात, भागीदार असतात. नेपोलियनने 1812 साली मॉस्कोतून त्यांच्या कारभाराचं फर्मान काढलं होतं. लढाईच्या गडबडीत याला हे सुचलं कसं, कोण जाणे. एकत्र कुटुंबातून बाहेर पडायचं म्हणजे काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. कोकलँ भांडून बाहेर पडला, युरोप-अमेरिका फिरला, परत आला, पुन्हा बाहेर पडला, आणि पॅरिसमध्येच दुसऱ्या थिएटरात उभा राहिला तेव्हा घरच्यांनी त्याला कोर्टात खेचला.

मग ते नाक.

28 डिसेंबर 1897, पोर्त-साँ-मार्तँ थिएटर. लेखक एदमाँ रोस्ताँ, वय एकोणतीस. पाच अंक, सगळं पद्यात, वास्तववादाचा जमाना चालू असताना पिसांच्या टोप्या आणि तलवारी. पडदा वर जायच्या आधी रोस्ताँ कोकलँच्या गळ्यात पडून म्हणे माफी मागत होता, की तुम्हाला या खड्ड्यात ओढलं. मध्यरात्र उलटून गेली तरी लोक थिएटरातून हलेनात. रोस्ताँने पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत लिहिलंय की हे काव्य सिरानोच्या आत्म्याला वाहायचं होतं, पण तो कोकलँमध्ये शिरलाय, तेव्हा त्यालाच वाहतो.

मला त्या रात्रीची वेगळीच चौकशी आहे. ते नाक घट्ट बसलं होतं ना? पाच अंक, गॅस असो की वीज, दिव्यांची धग असणारच, वर तलवारबाजीचा घाम. फोनवरच्या फिल्ममध्ये मी तेवढंच निरखून बघत होतो. हललं नाही. पाववाल्याच्या मुलाला चिकटवाचिकटवी कळत असणार.

पुढे नटी सारा बर्नार्डबरोबर तो अमेरिकेला गेला. ती हॅम्लेट झाली की हा थडगं खणणारा व्हायचा. सिरानो केलेला माणूस फावडं घेऊन दहा मिनिटांसाठी यायला तयार, हे मला फार आवडतं. शेवटी रोस्ताँने त्याच्यासाठी एक कोंबडा लिहिला. 'शाँतक्लेर'. आपण आरवतो म्हणून सूर्य उगवतो, अशी या कोंबड्याची ठाम समजूत. आपल्याकडे ही गोष्ट एका म्हणीत आटोपली आहे. रोस्ताँने चार अंक घेतले. फ्रेंचमध्ये कोंबड्याला 'कॉक' म्हणतात, म्हणजे तो कोकलँच्या नावातच बसलेला. 1909 च्या जानेवारीत तालमी तोंडावर आल्या होत्या. पॅरिसबाहेर पोंत-ओ-दाम इथे म्हाताऱ्या, थकलेल्या नटांसाठी त्याने स्वतः खटपट करून आश्रम काढला होता. तिथेच 27 तारखेला तो गेला. अडुसष्टावा वाढदिवस होऊन चार दिवस झाले होते. पुढच्या वर्षी कोंबडा दुसऱ्या नटाने केला. सूर्य उगवत राहिलाच.

त्याला फ्रान्समध्ये नुसतं कोकलँ म्हणत नसत. 'थोरला कोकलँ' म्हणत. कारण धाकटा होता. एर्नेस्त, सात वर्षांनी लहान, त्याच कोमेदी-फ्रांसेझमध्ये नट. एकट्याने उभं राहून विनोदी स्वगत म्हणण्याची पॅरिसमध्ये जी लाट आली, ती याच्यामुळे. हसण्यावर पुस्तक लिहिलं त्याने, त्यातल्या एका चित्रात मोनालिसा पाइप ओढतेय. तरी नाव काय? 'धाकटा'. जाहिरातीत धाकटा, वर्तमानपत्रात धाकटा, स्वतःच्या पुस्तकावरही कोकलँ धाकटा. शेवटची वर्षं मनाच्या आजाराने खचून गेला होता. थोरला गेल्यावर बाराव्या दिवशी हाही गेला.

संध्याकाळी दादाला फोन केला. वहिनींनी उचलला, म्हणाल्या, "बोला भाऊजी, तुमचा आवाज असा का येतोय? वाफ घ्या." मग दादा आला. मी विचारलं, "दादा, ते कणकेचं नाक आठवतं का रे?"

"आठवतं की," तो म्हणाला, "तुझं पडलं होतं. मी झेललं."

मी वाद घातला नाही. धाकट्याने घालू नये. एका नकट्या फ्रेंच नटाची गोष्ट त्याला सांगितली, नाकाची, घोरण्याची, कोंबड्याची. तो खूप हसला, मग खोकला, मग पुन्हा हसला. त्याचा एक धाकटा भाऊही होता म्हणे, एवढं सांगितलं. बारा दिवसांचं सांगितलं नाही.